गंगम्मानं लिहून घेतलेला कागद

वालूरच्या बाजारात गंगम्माचं किराणा दुकान हाय. साठीच्या पल्याडची बाई, अंगानं काटक, गळ्यात लिंग, बोलणं कमी. दोन सालं झाली, तिच्या डोक्यात एकच माणूस बसलेला हाय: परभणीचा डॉक्टर हरिओम.

तिचा नवरा रेवणप्पा हर्नियाच्या ऑपरेशनला त्याच्या दवाखान्यात पडला व्हता. चार दिवसांत घरी, असं ठरलेलं. खोलीत सहा खाटा. डॉक्टर सकाळी यायचा, एकाची जखम अंगठ्यानं दाबायचा, पू पुसायचा आन् त्याच हातानं पुढच्या खाटेला. गंगम्मा दुकानदारीण. रॉकेल मोजलेल्या हातानं तिनं जन्मात कवा गूळ तोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी ती म्हणली, "डॉक्टरसाहेब, ह्यांना हात लावायच्या आधी हात धुवा."

डॉक्टर हसला. "आजी, सोवळं घरी ठेवून यायचं. दवाखान्यात चालत नसतं."

खोलीतले समदे हसले. रेवणप्पाबी हसला. आमच्या लिंगायतात सोवळंबी न्हाई आन् सुतकबी न्हाई, मी घाणीचं बोलायलेय, असं ती सांगंस्तोवर डॉक्टर दोन खाटा पुढं गेलता.

पाचव्या दिवशी टाके लाल झाले, सातव्याला पू आला. मग इंजेक्शनं सुरू. एक थकलं की दुसरं, दुसऱ्याहून जालीम तिसरं. ताप काही हटंना. जखमेचा नमुना बाहेरच्या लॅबला गेला, आन् एकोणिसाव्या दिवशी रेवणप्पा गेला. मयताच्या कागदावर डॉक्टरनं कारण लिहिलं: मधुमेह. रेवणप्पाला साखर कवाच नव्हती. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासून ह्याच दवाखान्यानं तसं लिहून दिलतं.

गंगम्मानं इलाजाचे समदे कागद मागितले. डॉक्टर लय मायेनं बोलला, आधी तेरावं उरकू द्या, मग निवांत या, काढून ठेवतो. तेरा दिवसांत दवाखान्यात किती कागद इकडचे तिकडं व्हत्यात, हे दुकानदारणीला कुणी शिकवायचं?

रेवणप्पाला रीतीपरमानं बसवून समाधी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीत व्हती. डॉक्टरला वाटलं, म्हातारी घरात कोपऱ्यात बसली असंल. म्हातारी लॅबच्या काउंटरला उभी व्हती, आन् लेकाच्या सहीनं रिपोर्टाची नक्कल घ्यायलती.

लॅबमधल्या धम्मदीपनं रिपोर्ट उलगडून सांगितला. चौदा औषधांची नावं. तेरांच्या पुढं इंग्रजी आर. त्या औषधाला जंतू जुमानत न्हाई, असा त्याचा अर्थ. धम्मदीप म्हणला, असला जंतू बहुतेक दवाखान्यातच पोसला जातो, औषधं पचवून पचवून निबर व्हतो, आन् एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर माणसाच्या हातानं जातो. 

मग ती खोलीतल्या बाकीच्यांची घरं शोधत निघाली. एकोणीस दिवस एका खोलीत भाकरी खाल्लेली माणसं; कोण कुठल्या गावचं, तिला पाठ. राणीसावरगावच्या चंद्रभानची बायको रडत बाहेर आली, चंद्रभान घरी आल्यावर आठवड्यापूर्वीच गेलता. पाथरीच्या किशनरावचा पाय मांडीतून काढलेला. सेलूची एक लेकरवाळी घरी येऊनबी अजून खाटेवरच. तिघांच्या घरून तिनं रिपोर्ट आणले, धम्मदीपपुढं मांडले. त्योच जंतू. त्येच तेरा आर.

लेक शिवकांत म्हणला, "आई, सोड आता. बाबा परत येणारेत का?"

"बाबा न्हाई येत. डॉक्टर येतो का बघ."

तिनं जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत चौघांचा मिळून अर्ज दिला, रिपोर्ट जोडून. आन् डॉक्टरच्या कंपाउंडरला सांगून ठेवलं, मला पैसा नको. माझ्या नवऱ्याच्या मरणाचं खरं कारण साहेबांनी सोताच्या हातानं लिहून द्यावं.

चौकशीचं पत्र दवाखान्यात पोचलं, तिसऱ्या दिवशी डॉक्टरची गाडी वालूरात. गंगम्मानं खुर्ची दिली, चहा दिला. डॉक्टरनं दवाखान्याच्या नावाचा कागद काढला, दोनदा घाम पुसला आन् लिहिलं, की मयताला मधुमेह नव्हता. मरण वॉर्डात लागलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूनं झालं. खाली सही, शिक्का. शिवकांतनं मोठ्यानं वाचून दाखवलं. गंगम्मानं कागद घडी करून कनवटीला खोचला.

डॉक्टर म्हणला, "आता तेवढा अर्ज मागं घ्या, आजी."

"कामून?"

"कामून म्हणजे? तुम्ही म्हणला होता, कागद द्या."

"म्हणलते. बदल्यात काय देते, ते तुमी इचारलंच न्हाई."

डॉक्टर उठला. विश्वासघात, बेइमानी, असं कायबाय बोलला. गंगम्मा बसूनच व्हती. "माझा माणूस तुमच्या इश्वासावर खाटेवर पडला व्हता," ती म्हणली, "चहा सांडाल, कप ठिवा."

गावातले काहीजण म्हणत्यात, म्हातारीनं दगा केला. केलाच. तिला इचारलं तर तीबी हो म्हणती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती परभणीला गेली. कचेरी उघडायची व्हती, पायरीवर बसून ऱ्हायली. साहेब आले तसा चार रिपोर्टांच्या खाली पाचवा कागद जोडला, डॉक्टरच्या हातचा, आन् पोच घेतल्याबिगर उठली न्हाई.