विझवलेली चूल

लग्न होऊन बारामतीच्या गजबजलेल्या आळीतून मी अंथुर्ण्याच्या रानातल्या वस्तीवर आले. इंग्रजी अमदानी होती आणि काड्याची पेटी घरोघर नसायची. हे गुळवे, म्हणजे गूळ शिजवणारे; हंगामभर या गुऱ्हाळावरून त्या गुऱ्हाळावर. सासू नव्हती. मामंजी होते, पण शब्दाला महाग. बैलांशी मात्र भरभरून बोलायचे. मला त्या बैलांचा हेवा वाटायचा.

रात्री निखारे राखेत पुरायचे आणि सकाळी त्यांवरच चूल पेटवायची, ही तेव्हाची रीत. विझलीच तर गोवरीवर शेजारून विस्तव मागून आणायचा. शेजार म्हणजे दोन रानं पलीकडं एक म्हातारी, तीही एकटीच. मोतीबिंदूमुळं तिला उजेड-अंधाराखेरीज फारसं कळत नसे. एकदा माझी चूल खरोखरच विझली आणि मी तिच्याकडं गेले. निखारा काढता काढता तिनं विचारलं, "वाटंनं काय दिसलं गं?"

"काय दिसायचं, मावशी? ऊस."

"ऊस मला बी ठावं हाय. आनखी काय?"

मला काही सांगता येईना. लाज वाटली, रागही आला. पण वस्तीवर आल्यापासून मला कुणी काही विचारलं ते पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी धगधगत्या निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि गोवरी घेऊन निघाले. कामाशिवाय सुनेनं बांध ओलांडायची सोय नव्हती, आणि विझलेली चूल हे काम होतं.

मग रोजचंच झालं. रिकाम्या तोंडानं जायचं नाही म्हणून मी वाटेनं बघत बघत चालू लागले. थंडीत पाटाच्या पाण्यावर वाफ दिसायची, कुणी अंघोळीला पाणी तापवल्यासारखी. उसाच्या पात्यांमध्ये कोळ्याचं जाळं दवानं लगडलेलं असायचं. पाटातून फुटलेल्या चारीच्या कडेनं धोबी पक्षी तुरुतुरु पळायचा. म्हातारीचं एवढ्यावर भागत नसे. धोब्याचं शेपूट वर-खाली हलतं की आडवं, हेही तिला हवं असायचं. मग परतताना पुन्हा बघायचं, उद्या सांगायला. हातात गोवरीवरचा विस्तव, त्यावर फुंकर मारत मी एकटीच हसत यायची.

"चूल राखाय येत न्हाय तुला, पर डोळं झ्याक हायत," म्हातारी म्हणायची. आपला विस्तव लग्नापासून एकदाही विझला नाही, याची तिला भारी मिजास.

मामंजींनी वर्षातलं एक वाक्य नेमकं तेव्हाच खर्च केलं. "सुनंला चूल राखाय येत न्हाय," ते ह्यांना म्हणाले. गुळाची गाडी घेऊन हे बारामतीला गेले ते काड्याची पेटी घेऊनच आले. "आता थंडीवाऱ्याचं पळाया नगं," मायेनं म्हणाले. त्या मायेला काय बोलणार? पेटी घेतली आणि कोनाड्यात ठेवली.

चूल झटकन पेटू लागली आणि बांध ओलांडायचं कारणच संपलं. पाण्याला पाटावर जायची, तर वाफ तशीच, धोबीही तसाच असणार. मी मान खाली घालून घागर भरायची. बघून सांगायचं कुणाला? त्या दिवसांत मी फार रडले.

एका सकाळी कुत्रं भुंकलं. बाहेर येऊन बघते तर म्हातारी! काठीनं बांध चाचपत आलेली, लुगड्याला कुसळं लागलेली, हातात गोवरी.

"इस्तू हाय का, पोरी? माझा इजला."

मामंजी गोठ्यातून बघतच राहिले. विस्तव घेऊन तिला वाट काढता आली नसती, म्हणून मी सोबत निघाले. तिच्या चुलीपुढं बसले आणि राखेत हात घातला, तर नुसता चिखल. शेजारी रिकामा तांब्या आडवा पडला होता.

"मावशी, ह्ये..."

"तुज्या हाताला रोज भिजल्या राखंचा वास यायचा," ती म्हणाली. "दिसत न्हाय मला. वास कळतो."

लग्नापासून राखलेला विस्तव तिनं माझ्यासाठी स्वतःच्या हातानं विझवला होता. मी राख उपसली, चूल पेटवली. डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकललं.

"आता बस हितं," ती म्हणाली. "आन इतक्या दिसांचं समदं सांग."

सांगणार काय? इतक्या दिवसांत मी काही पाहिलंच नव्हतं. ती कान देऊन बसलेली. मी तिच्याकडं बघितलं. तिच्या पदरावर, कुसळांच्या मधून, काळ्या टिपक्यांचा एक चिमुकला लाल किडा वर चढत होता.

"हलू नगा, मावशी," मी म्हणाले. "तुमच्या संगं कुनीतरी आलंय."