पऱ्हाटीची काडी आणि गाडीचं पोट

आमच्या गाडीला जुने शॉकअप होते तोवर मी यवतमाळहून डिकीत गहू टाकून निघालो, की महागावला पोचेस्तोवर त्याचा रवा झालेला असे. पाऊस जास्त झाला त्या वर्षी मैदा. महागावच्या एका गिरणीवाल्याने तर माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. रेडिओला मी कधी हात लावला नाही. खड्डा आला की स्टेशन आपोआप बदलायचं, आणि कुठल्या खड्ड्याला बातम्या लागतात नि कुठल्याला भजनं, हे मला पाठ झालं होतं. मी शाळेत भूगोल शिकवतो. जिल्ह्याच्या उंचसखलपणाचं माझं ज्ञान पुस्तकातून नाही, मणक्यातून आलेलं आहे.

माझ्या मणक्याचं मला काही वाटत नव्हतं. प्रश्न याडीच्या मणक्याचा होता. याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. तिच्या कमरेतली गादी सरकली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, चाला, फिरा, पण हादरा बसता कामा नये. आणि तिची थोरली बहीण, माझी मावशी, राहते महागावच्या पलीकडच्या तांड्यात. श्रावणात तिथे तीज बसते. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, गातात, नाचतात, आणि शेवटच्या दिवसाला लेकीबाळी, बहिणी सगळ्या गोळा होतात. याडीच्या अशा दोन तीजा हुकल्या होत्या. मावशीचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नव्हते, म्हणून तिचंही येणं बंद. दोन म्हाताऱ्या, मध्ये शंभरेक किलोमीटर, आणि भेट फक्त फोनवर. तीही भांडणाची.

"तुले यायचंच नाई, म्हणून कमरेचं नाव सांगून राह्यली," मावशी तिकडून.

"तुह्या तांड्याचा रस्ता नीट असता तर मी रांगत आली असती," याडी इकडून.

फोन ठेवला की याडी माझ्याकडे बघत नसे. खिडकीतून गाडीकडे बघत असे. "आपल्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला. अन् तुह्या गाडीत एक म्हातारी लादता येत नाई."

त्या दिवशी मी ठरवलं, या तीजेला याडी मावशीच्या दारात उतरणार, आणि उतरेल ती सरळ उभी.

पुण्यात राहणाऱ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, बुटक्या स्प्रिंगा टाका. गाडी रस्त्याला चिकटून पळते." मी म्हटलं, बाबा रे, मोठा रस्ता ठीक आहे, पण शेवटची दोन किलोमीटर पांदण आहे. दोन बाजूला ट्रॅक्टरच्या चाकांच्या चाकोऱ्या आणि मधे मातीचा उंच वरंबा. तिथे माझी गाडी रस्त्याला चिकटली तर दिवाळीपर्यंत सुटायची नाही. मला गाडी मऊ हवी होती, पण तिचं पोट बोटभरही खाली यायला नको होतं. पोटाला चेंबर असतो, त्यात इंजिनाचं तेल. चेंबर फुटला की गाडी म्हणजे पत्र्याची खोली.

म्हणून मे महिन्यात मी मोटारसायकलने जाऊन आलो. पांदणीत बसून वरंब्याची उंची मोजली आणि तेवढीच पऱ्हाटीची काडी तोडून आणली. कपाशीच्या वाळक्या झाडाइतकी सरळ मोजपट्टी आमच्याकडे दुसरी नाही.

आर्णी रोडवरचा मिस्त्री साठीतला, बोलायला कंजूस. त्याने बॉनेट दाबून सोडलं. गाडी वरखाली हलायला लागली. मी समोर जाऊन चहा पिऊन आलो, शेजाऱ्याशी निवडणुकीवर बोललो, तरी गाडी हलतच होती.

"सर, हे शॉकअप नाईत, पाळणे आहेत. तेल कवाचंच गळून गेलं."

मी माझी अट सांगितली आणि काडी त्याच्या हातात दिली. त्याने ती नाकासमोर धरून पाहिली.

"कवा मोजली?"

"मे महिन्यात."

"अन् जायचं कवा?"

"श्रावणात."

"सर, तुम्ही भूगोलच शिकवता नं?"

काळी माती पावसात मऊ होते, चाकोऱ्या खाली जातात, वरंबा तिथेच उभा राहतो, हे मी सातवीला दरवर्षी शिकवतो. मिस्त्रीने गॅरेजमागच्या कुंपणातून नवी काडी उपटली, माझ्या काडीपेक्षा तीन बोटं लांब तोडली आणि विचारलं, "माणसं किती?"

"चार," मी छाती काढून सांगितलं.

चार दिवसांनी गाडी तयार. गॅस भरलेले नवे शॉकअप, सांध्यांतले सगळे रबरी बुश नवे, स्प्रिंगा जुन्याच. रिकाम्या गाडीखालून उभी धरलेली काडी आरामात गेली. आता परीक्षा घ्यायची तर पेपर कठीण हवा, म्हणून मी डॅशबोर्डवर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवला आणि थेट राजूर गाठलं. तिथे कोळशाच्या ट्रकांनी असे खड्डे पाडलेत की एकात उतरलो तर मोबाइलवर 'तेलंगणात आपले स्वागत आहे' असा मेसेज आला. पेल्यातलं पाणी हललं नाही. परत आलो तेव्हा उलट थोडं जास्तच भरलं. मी रस्त्यात दोनदा एकटाच ओरडलो. एका म्हशीने वळून पाहिलं.

"गाडी नाही, मिस्त्री, झुल्यावर बसल्यासारखं वाटते!"

"मंग आता ज्यायले न्यायचं त्यायले घेऊन या," मिस्त्री म्हणाला. "अन् सामानासगट."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. समोर याडी, मागे बायको, काकू आणि माझ्या दोन पोरी. डिकीत गव्हाचं पोतं, तेलाचा डबा, गुळाची भेली, मावशीसाठी सतरंजी, आणि याडीने ऐनवेळी घुसवलेला पाटा. बहिणीकडे तीजेला रिकाम्या हातानं जायचं नसते, आणि एकट्यानं तर नाहीच. हे मला जन्मापासून ठाऊक. पण गाडीच्या माणसाने विचारलं की तोंडातून चारच निघते. आमच्याकडे गाडी घेतानाही सगळे चारच सांगतात.

मिस्त्रीने बोटाने मोजलं. "सर, हे तं सहा झाले."

"पोरी बारक्या आहेत."

"पोरी बारक्या आहेत, पण पाटा बारका नाई."

तो आडवा झाला आणि काडी गाडीखाली सरकवली. कटकन आवाज आला. काडीचे दोन तुकडे.

मग याडीने दार उघडलं आणि एक पाय खाली ठेवला. "मले राहू द्या," ती म्हणाली. "पोरी जाऊ द्या. त्यायले तीज पाहायची आहे. मी फोनवर ऐकीन गाणे." बोलताना ती कुणाकडेच बघत नव्हती, पाटा मात्र कुणीतरी मांडीवर घेऊन न्यायचाच म्हणत होती.

मिस्त्री गाडीखालूनच बोलला, "आजी, तुम्ही उतरल्या तं काडी जाईन. पण मंग गाडी नेता कायले?"

याडीचा पाय तिथेच थांबला.

मिस्त्रीला उपाय ठाऊक होता. याच गाडीचं गॅसवर चालणारं मॉडेल येतं, त्याच्या डिकीत सिलिंडरचं ओझं कायम. म्हणून त्याच्या मागच्या स्प्रिंगा दमदार. "रिकामी गाडी मागून बोटभर उंच दिसीन. भरली की बरोबर जागेवर बसीन, त्याच्या खाली नाई." शिवाय पोतं डिकीतून काढून मागच्या सीटच्या पायांशी ठेवायचं, ओझं शेपटाकडे नको.

स्प्रिंगा बदलल्यावर आम्ही पुन्हा सहाजण, पुन्हा पाटा. मिस्त्री आडवा झाला. तेवढीच नवी काडी या बाजूने गेली आणि त्या बाजूने निघाली, वर बोटभर जागा ठेवून. याडीने त्याला तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा ती स्वतः टाळ्या वाजवत होती.

तीजेच्या शेवटच्या दिवशी आम्ही निघालो. महागाव मागे पडलं, पांदण आली. वरंबा गवताने माजलेला, एखाद्या झोपलेल्या रेड्याच्या पाठीसारखा. पोरींनी श्वास धरला, काकूने डोळे मिटले, बायकोने माझा खांदा इतका दाबला की तो खांदा अजून दोन बोटं खाली आहे. पहिला गिअर. पोटाखाली सर्रर्र आवाज झाला आणि मी ब्रेकवर पाय टेकवला. पण ते गवत होतं, नुसतं गवत, गाडीच्या पोटाला गुदगुल्या करणारं. खट्ट असं काही वाजलंच नाही. दोन किलोमीटर!

"याडी," मी ओरडलो, "हादरा बसला का?"

शेजारी पाहिलं तर याडी तोंड उघडं टाकून झोपली होती. मी बऱ्याच थापा मारतो, पण ही खरी आहे. ती घोरत होती.

मावशी काठी टेकून दारात उभी होती. आम्ही याडीला जागं केलं तशी मावशी कडाडली, "मी सकाळपासून इथं उभी, अन् हे झोपून आली!"

"तुहं तोंड पाहाचं होतं, म्हणून ताकद जमा करून राह्यली होती," याडी म्हणाली आणि उतरली. सरळ. कुणाचा हात न धरता. मग दोघींनी गळ्यात गळा घालून असं रडायला घेतलं की टोपल्यांतल्या गव्हाला त्या दिवशी वेगळं पाणी घालावं लागलं नसेल.

परत निघताना मावशीने तुरीच्या डाळीचं पोतं पुढे केलं. मी काडी घेऊन आडवा झालो. काडी अडली.

"मावशी, डाळ राहू दे."

"बहिणीच्या दारातून रिकामं जात नसते."

"मंग याडीचं काय करू?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पोतं सकाळपासून शिवून तयार होतं.

"डाळ ने," याडी म्हणाली. "मी राहतो."

मी डाळीच्या पोत्याला समोरच्या सीटवर बेल्ट लावून घरी आणलं. त्याला एकही हादरा बसला नाही.

आठ दिवसांनी फोन आला. याडी म्हणाली, "घ्यायले ये. पण तुही मावशीबी येऊन राह्यली, आपल्या घरी, महिनाभर. तिले पायरी उंच नको अन् गाडी खाली बसाले नको."

मी तसाच आर्णी रोडला गेलो. मिस्त्री गाडीखाली होता, फक्त पाय दिसत होते.

"माणसं किती, सर?"

"चार," माझ्या तोंडून निघून गेलं.

पाय हललेसुद्धा नाहीत.

"सहा," मी म्हटलं. "अन् दोन्ही म्हाताऱ्यांचं सामान."

तेव्हा कुठे तो बाहेर आला, हात पुसले, आणि नवी काडी तोडायला कुंपणाकडे गेला.