नानांचं कोर्ट

"बाई, उशीर केलात. मंडळी यायच्या आत हॉल झाडून घ्या."

एवढं बोलून दिग्दर्शकांनी झाडू माझ्या हातात दिला. मी गेले होते नाटकात काम मागायला.

आणि मी झाडला की हॉल! कोपरे काढून झाडला, बाकं सरकवून झाडला. मला वाटलं, हीच चाचणी असेल. नाटकवाले माणसाला काहीही करायला लावतात असं ऐकून होते. वर तोंड करून विचारलं, "सर, बरं झालं का?" आज ती बावळी कुठे भेटली तर आधी टपली मारेन, मग विचारेन, बाई गं, झाडू मारणं ही चाचणी असती तर कुणी समोर बसून बघत नसतं का?

"झालं ना? मग आता काय?" सर म्हणाले.

"सर, मी निवडीला आलीये."

तोवर जमलेले सगळे हसले. एक वकील होते, नाटकातही वकीलच होणार होते. ते म्हणाले, "असू द्या हो, रंगभूमीची सेवा झाडूपासूनच सुरू होते." मीही हसले. सगळे हसतायत म्हणून.

ही धुळ्यातली गोष्ट, नव्वद सालाच्या जरा अलीकडची. मी बालवाडीत शिकवायची. नवरा एस.टी.त कंडक्टर, त्याच्या मुक्कामाच्या गाड्या. मूल अजून व्हायचं होतं. शेजारणी पाणी भरून झालं की दारं लावून घ्यायच्या. दिवसचे दिवस माझ्याशी मोठं माणूस बोलायचं नाही. वाचनालयाच्या फळ्यावर वाचलं की कोर्टाचं नाटक बसतंय, स्त्री-कलावंत हवी. बायका मिळत नव्हत्या त्यांना. हॉलबाहेर संवादाचा कागद लावला होता. फिर्यादी बाईचं भाषण. मी ते उतरवून आणलं आणि खुंटीवरच्या खाकी सदऱ्यासमोर म्हणायला लागले. "न्यायाधीश महाराज, माझ्या डोळ्यांत बघा आणि सांगा, मी खोटं बोलतेय?" सदरा गरीब, सगळं कबूल करायचा.

हसणं थांबल्यावर सर म्हणाले, "बरं, वाचा. न्यायाधीश आलेच आहेत."

मी वळून पाहिलं. न्यायाधीशाच्या खुर्चीत नाना बसले होते.

नाना म्हणजे आमच्या गावचे मोठे शेतकरी. गाव सोनगीरच्या अलीकडे. माझे आबा त्यांचे सालदार. वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोली पुढे चालायची नाहीतर तुटायची. नाटकाचा खर्च नाना उचलत होते, म्हणून न्यायाधीश नाना. सोपा हिशोब.

आमच्यात नानांसमोर जायचं तर चपला बाहेर, पदर डोक्यावर, नजर जमिनीवर. आईने शिकवलं नव्हतं, आईला बघूनच अंगात आलं होतं. मी काही ठरवलं नाही. पाय आपोआप चपलेतून निघाले. पदर वर गेला.

नानांनी ओळखलं. "अरे, हाई तं आमना सालदारनी पोर शे! तू आठे कशी वं?"

मग भाषण म्हटलं. सगळं पाठ होतं, एक शब्द चुकला नाही. पण फरशीकडे बघून म्हटलं.

"बाई, पदर काढा," सर म्हणाले. "न्यायाधीशांकडे बघा. डोळ्यांत बघा, असंच वाक्य आहे तुमचं."

मान वर होईना. खरंच होईना. मी जोर लावला.

नाना कौतुकाने म्हणाले, "राहू द्या सर. वळणनी पोर शे. तिना बापनी कधी मान वर करी नही, ही काय करी?"

फिर्यादी बाईचं काम एका डॉक्टरांच्या पत्नीला गेलं. मला सर म्हणाले, "कोर्टात मागे एक खेडवळ बाई बसलेली दाखवू. संवाद नाही. तुम्ही बसता ना, तसंच बसायचं."

मी काय केलं असेल? "थँक्यू सर" म्हटलं! घरी येऊन शिरा केला. एकटीने खाल्ला.

तालमींना रोज गेले. बसायचे. मधल्या वेळात सगळे समोरच्या हॉटेलात चहाला जायचे, तेव्हा त्यांच्या पिशव्यांजवळही मीच बसायचे. रिकाम्या हॉलमध्ये फिर्यादी बाईचं भाषण मनात म्हणायचे. घरी कुणी नाही म्हणून मी माणसांत आले होते, आणि माणसांत आल्यापासून जास्तच एकटी झाले होते. पण कलावंत होते ना मी! शेजारणींना सांगून ठेवलं होतं.

मग एका संध्याकाळी आरोपीचा पिंजरा आला. नानांनी तो गावच्या सुताराकडून करून घेतला होता. आणायला ट्रॅक्टरबरोबर आबांना पाठवलं होतं. जड लाकडी कठडा आबांनी पाठीवरून आत आणला, जागेवर ठेवला, घाम पुसला. मला बघून डोळ्यांनीच हसले.

"आबा, जरा आत उभे राहा," सर म्हणाले. "उंची बघू."

आबांनी चपला काढल्या. आत गेले. समोर खुर्चीत नाना. आबांचे हात जोडले गेले, मान खाली गेली, पाठ वाकली. कुणी सांगितलं नव्हतं.

वकील टाळी वाजवून म्हणाले, "वा! याला म्हणतात जातिवंत आरोपी. शिकवावं लागत नाही."

सगळे हसले. नाना पोट धरून हसले. आणि आबा, सगळे हसतायत म्हणून, हसले.

ते हसू माझं होतं. झाडू हातात घेऊन मी हसले होते ना, तेच.

मी उठले. चपला घातल्या. हॉलमधून चालत पिंजऱ्यापाशी गेले. पदर खांद्यावर पडला, तो तसाच राहू दिला. नानांच्या डोळ्यांत बघितलं. काही विशेष नव्हतं त्यांत. म्हातारे, पाणावलेले डोळे.

"नाना, मना बापना गुन्हा काय शे, ते सांगा."

कुणी हसलं नाही. नानांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "बाई, तुम्हाला संवाद नाहीये."

"आबा, बाहेर या. घर चाला."

आबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी नानांकडे बघितलं. जोडलेले हात आणखी वर गेले. "माफ करा नाना. पोर येडी शे."

मी एकटी बाहेर पडले. रस्ताभर मागे वळून बघत होते, आबा येतायत का. वेडी आशा! आले नाहीत.

त्या आखाजीला नानांनी आबांची बोली तोडली. आबा माझ्या खोलीवर आले. आखाजीला लेक माहेरी जाते, इथे बापच लेकीच्या दारात. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी.

"एकदाव पाय धरी ले नानाना. तुनं काय जास?"

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "आबा, तुमना पाय मी रोज धरसू. नानाना नही."

"मंग मी काय खाऊ?"

"मनाकडे राहा. माले भेटस त्यामां खाऊ."

ते उठून गेले. पुढे जामनेरकडे दुसऱ्या एका बागायतदाराकडे सालदार राहिले, तिथेही मान खालीच. माझ्या दारी पुन्हा आले नाहीत. जगातून गेले तेव्हाही माझ्यावर रागावलेलेच गेले.

नात विचारते, "आजी, एक माफी मागितली असती तर पणजोबा बोलले असते ना तुझ्याशी?"

बोलले असते. रोज बोलले असते. मी हे तिच्यापासून लपवत नाही, आणि रात्री उशीत तोंड खुपसून पडले की मलाही ते माहीत असतं.

तरी आज नाना जिवंत होऊन त्या खुर्चीत बसले आणि शेजारी आबा हात जोडून उभे राहिले, तरी मी माफी मागणार नाही. आबांनी सांगितलं तरी नाही.

आबांनी सांगितलं तर मग तर नाहीच.