कोपऱ्यातला डाग

आजींनी चित्राकडे पाहिलंच नाही. त्या उजव्या कोपऱ्यावरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. चित्रं दाखवत गावोगाव गोष्टी सांगणारे त्यांचे यजमान गेले, तेव्हा कसर लागलेला हा गठ्ठा आमच्याकडे आला. रंगांचं रसायन जाणणाऱ्या बाई, बुरशीचे जाणकार सर आणि कागद सांधणारा मी, असे आम्ही तिघं वर्षभर त्यावर खपलो.

“हंयसर तेंचो आंगठो होतो,” आजी म्हणाल्या.

“तेलकट डाग होता तो. काढला,” बाईंनी कौतुकाने सांगितलं.

आम्ही तीन शहाणे एकत्र बसलो होतो. डाग कशाचा, हे आम्ही शोधून काढलं. कुणाचा, हे एकानेही विचारलं नाही.

आता हा कागद शंभर वर्षं टिकेल. कोपरा इतका स्वच्छ आहे, की त्याला कधी कुणाचा हात लागला होता असं वाटतच नाही.