गरम गाडीचा ब्रेक

हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याबरोबर शेवटचं काम केलं ते ब्रेकवर पाय ठेवायचं. रिटायर झाल्यावर मी एक जुनी गाडी घेतली. लांब जायचं असलं की आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं ती तपासायचो. इंजिन बंद ठेवून ही ब्रेक चार-पाचदा दाबायची. टणक झाला की पाय तसाच ठेवून चावी फिरवायची. ब्रेक हलका करणारा बूस्टर चांगला असला की पेडल थोडं खाली बसतं. मी बॉनेटपाशी उभा राहून विचारायचो, “बसलं का?” ती म्हणायची, “बसलं.”

त्या शेवटच्या वेळी दुसऱ्या दिवशी इनामगावला जायचं होतं. सकाळी ती उठलीच नाही.

इनामगावला कशाला, ते सांगतो. नोकरीत केसेस पुष्कळ झाल्या, पण त्या एका वरातीच्या केसनं मला अजून सोडलेलं नाही.

मी शिरूरकडच्या एका ठाण्यात सहाय्यक फौजदार होतो. शिक्षण सातवी, शिपायापासून चढलेला. भर उन्हाळ्यात एका बागायतदाराच्या मुलाची वरात त्यांच्याच जुन्या गाडीतून निघाली. तासभर गाडी मुंगीच्या पावलानं चालली, आणि उतारावर थांबलीच नाही. पुढच्या वाजंत्र्याच्या अंगावर गेली. त्याचा पाय कायमचा अधू झाला. ड्रायव्हर इनामगावचा, वाळका माणूस. त्याला अटक केली. तपास माझ्याकडं.

दारू प्यायलेला नव्हता, डॉक्टरनं तसं लिहून दिलं. विचारलं की एकच सांगायचा, “साहेब, ब्रेक दगड झाला हुता. दोन्ही पाय दिले, हलला न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात आरटीओच्या साहेबांनी ब्रेक बघितला. लोण्यासारखा मऊ. पंचनामा झाला. मी आत गेलो आणि ड्रायव्हरच्या कानाखाली ठेवून दिली. तो रडला नाही. म्हणाला, “मारा, पन ब्रेक दगड हुता.”

घरी जेवताना मी हे सांगितलं. ही म्हणाली, “थंड गाडीचं काय बघता? थंड असल्यावर मानूस बी गुणाचाच असतोय. तुम्हीच बघा की.”

टोमणा मला होता.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी मालक स्वतः बॉनेट उघडून काहीतरी करत होता, एवढं बोलून ठेवला. तेव्हा हिचं बोलणं डोक्यात पेटलं. पंच बोलावले, मेकॅनिक बोलावला, आणि गाडी उन्हात तासभर चालू ठेवली. मग ब्रेकवर पाय दिला. दगड.

बॉनेट उघडलं तर इंजिनापासून बूस्टरला जाणारी नळी फितीसारखी चपटी झालेली. मेकॅनिक हसला. “ही ठिबकची नळी हाय, साहेब. थंड हाय तवर उभी राहती. तापली की मऊ पडती, आन् इंजिनाच्या ओढीनं चिकटती.”

मालकाला बोलावलं. आधी चढा बोलला. नळी टेबलावर ठेवली तसा खाली बसला. जुनी नळी चिरली होती, नवीसाठी दौंडला जायला वेळ नव्हता, म्हणून शेतातली कापून बसवली. ड्रायव्हरला सांगितलंच नाही. मालकावर गुन्हा दाखल झाला, ड्रायव्हर सुटला.

सुटताना ड्रायव्हरनं मला नमस्कार केला. मी कागदात तोंड घालून बसलो.

एवढं शिकलो, की मार खाऊनही जो आपलं वाक्य बदलत नाही, त्याचं वाक्य परत तपासावं. पण शिकलो ते त्याच्या गालावर. “जाऊन माफी मागा,” ही म्हणत राहिली. मी वर्षानुवर्षं जाऊ म्हणत राहिलो. शेवटी तिनंच दिवस ठरवला होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच इनामगावला गेलो. ड्रायव्हर ओट्यावर होता, पार थकलेला. म्हणालो, “माझं चुकलं. तुम्हाला मारायला नको होतं.”

त्यानं शेजारी बसवलं. चहा दिला, मी हिच्याबद्दल सांगितलं. निघताना गाडीपाशी आला. जुनी गाडी बघून स्वतःच आत बसला, ब्रेक चार-पाचदा दाबला, पाय ठेवून चावी फिरवली.

मी बॉनेटपाशी जाऊन उभा राहिलो. तोंडातून निघून गेलं, “बसलं का?”

“बसलं, साहेब,” तो म्हणाला. “जावा आता.”