मिरचीच्या लिलावात माझा पसारा

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. नंदुरबारच्या मिरची बाजारात मला आजही लोक ओळखतात, आणि ही ओळख कशी झाली ते चारचौघांत सांगायची सोय नाही. पण सांगतेच! दुसऱ्याकडून ऐकाल तर तिखटमीठ लावून ऐकाल, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

तर आम्ही लोणखेड्याचे. घरात मी, नवरा, सासरे म्हणजे आप्पा, आणि सहावीतली लेक खुशी. शिवाय पसारा. तोही घरातलाच समजा.

मला एडीएचडी आहे. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, तोवर सगळं सासर-माहेर मला नुसतं वेंधळी म्हणायचं. म्हणजे होतं काय, मी कपड्यांच्या घड्या घालायला बसते, त्यात बटण तुटलेला शर्ट सापडतो. सुईदोरा शोधायला कपाट उघडते, तिथे बॅटरी दिसते. ती चालते का बघायला सेल शोधते... आणि नवरा घरी येतो तेव्हा कपडे जिथल्या तिथे, मी माळ्यावर!

खुशी मैत्रिणींकडे जायची, पण त्यांना आपल्या घरी कधी आणायची नाही. एकदा फोनवर ती कुणाला तरी सांगत होती, "आमच्याकडे ना, रंगकाम चाललंय." अहो, कसलं रंगकाम? पावसाळ्याआधी सुरू झालेलं, दिवाळी होऊन गेली तरी चाललेलंच! लेकीला आपल्या घराची लाज वाटते हे कळल्यावर आईला काय होतं सांगा. मला रडूच आलं. मग डोळे पुसले आणि म्हटलं, बस्स झालं!

"खुशी, शनिवारी शाळा सुटली की मैत्रिणींना जेवायला घेऊन ये."

"आई, नको ना..."

"घेऊन ये म्हणते ना! घर असं चकाचक करते की बघतच राहशील!"

डॉक्टरीणबाईंनी एक युक्ती दिली होती. आपल्याच आवाजात फोनवर गजर लावायचा, म्हणजे लक्ष भरकटलं तरी माणूस ताळ्यावर येतो. मी चांगला खणखणीत आवाज भरला, "वैशाली! कुठे भटकतेस? पसारा आवर आधी!" हे थोड्या थोड्या वेळाने वाजायचं.

शनिवारी पदर खोचला. आता बघा, दारापुढच्या ओट्यावर नवऱ्याने ओल्या मिरचीच्या गोण्या शिवून ठेवल्या होत्या. टेम्पो यायचा होता, आणि नवरा मोटरसायकलवर आधीच बाजारात गेलेला. गोण्यांशेजारी रिकामी बारदानं पडलेली. ती बघितली आणि माझं डोकं चाललं! एकेका वस्तूची जागा शोधत बसले तर मी पुन्हा माळ्यावर पोचणार. त्यापेक्षा दिसेल ते गोणीत! मुली गेल्या की निवांत काढू.

चपला, चार्जर, कपड्यांचा ढीग, आप्पांची जुनी वर्तमानपत्रं... काय हात चालत होते माझे! आम्हा लोकांचं एकदा लागलं ना, की मग लागतं. आप्पा वेळेवर खुर्चीतून उठले म्हणून वाचले. गोण्या भरल्या, दाभणाने तोंडं शिवली आणि मिरचीच्या रांगेत नेऊन उभ्या केल्या. एका ओळीत किती छान दिसत होत्या!

मी आत फरशी पुसतेय तोच टेम्पो आला. हमालाने बाहेरून हाक मारली, "वहिनी, बठ्या गोण्या लई जाऊ का?"

मी मान वर न करता ओरडले, "बठ्या लई जा भाऊ! एक भी ठेवू नको!"

ओटाही मोकळा होणार म्हणून मला केवढा आनंद!

दुपारी खुशी मैत्रिणींना घेऊन आली. दारातच थबकली. एक मुलगी म्हणाली, "काकू, रंग काय मस्त दिलाय हो!" अहो, त्या भिंतींना माझ्या लग्नात रंग लागला होता! पण खुशीने माझ्याकडे असं काही बघितलं, की मी दारातच दोन बोटं उंच झाले.

भरीत-पुरी तयार होती. वाढायला वळले, तर ताटं नाहीत! सकाळी हाताशी असावीत म्हणून काढून ठेवली होती, आणि दिसेल ते गोणीत... धावत ओट्यावर गेले. ओटा मोकळा. एकदम मोकळा!

सगळ्या घेऊन जा म्हणून मीच ओरडले होते! पण हरेन ती मी कसली! मागे जाऊन केळीची पानं कापून आणली. मुली खूश, "काकू, काय भारी आयडिया!" मीही जणू ठरवूनच केलं असं हसले.

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. आप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. पलीकडून नवरा, "आप्पा, वैशालीले द्या! तिन्हा फोन कोठे शे?" आणि त्याच्या मागून खणखणीत आवाज, "वैशाली! कुठे भटकतेस? पसारा आवर आधी!"

आप्पा एकदा फोनकडे बघतात, एकदा माझ्याकडे. "हाई ते आठे उभी शे! तठे कोण बोली ऱ्हायनी?"

"गोणी बोली ऱ्हायनी आप्पा! लिलाव थांबी गया! हमाल गोणी फेकीसन पळी गया! तोंड उसवं ते मिरचीना बदली ताटं निंघनात, मन्ही लुंगी निंघनी! बठा बाजार हाशी ऱ्हायना!"

खुशीचा चेहरा लालबुंद. मला वाटलं, संपलं सगळं. ही पोर आता कुणालाही घरी आणायची नाही.

आणि खुशीच फस्सकन हसली! हसता हसता लोळायला लागली. "रंगकाम वगैरे काही नव्हतं गं. आमचं घर असंच असतं!" मग काय, पुऱ्या बाजूला आणि सगळ्या पोरी पोट धरून जमिनीवर.

संध्याकाळी मला बिलगून म्हणाली, "आई, पुढच्या शनिवारी अख्खा वर्ग येतोय."

"येऊ दे! घर असं लख्ख ठेवते की..."

"आई! त्या पसारा बघायला येतायत. तू फक्त काही आवरू नकोस. प्लीज!"

म्हटलं, ठरलं. लेकीसाठी एवढं करणारच. आठवडाभर घरात कशाला हात लावला नाही. बाजारातून परत आलेल्या गोण्या जमिनीवर पालथ्या केल्या त्या तशाच. शनिवारी सकाळी जाता जाता एक चमचा उचलून जागेवर ठेवला. एकच हो! पण तो ठेवल्यावर शेजारची वाटी वाकडी दिसायला लागली...

दुपारी वर्ग दारात आला तेव्हा घर असं झालं होतं की दिवाळीतही होत नाही. घड्या, चपला, ताटं, सगळं जागच्या जागी. पोरी माना उंचावून आत पसारा शोधतायत.

खुशीने कपाळावर हात मारला, "आई, एवढं एकच काम सांगितलं होतं गं तुला!"