टोपलीची यादी

मालाडच्या बाजारात पालिकेची गाडी आली की भाजीवाले पळतात. कोपऱ्यावरची मावशी मात्र बसून राहते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

परवा मी तिच्याकडे भाजी घेत होते, तेव्हा पालिकेच्या एका कर्मचाऱ्याने तिच्या टोपलीला हात घातला. तिने त्याचं मनगट धरलं.

"ने रे बाबा, पण काय नेतोस ते आधी लिहून दे. नायतर परत कशाच्या जोरावर मागू?"

"रोजचं नाटक तुझं, मावशी!" म्हणत त्याने लिहिलं.

"वाच गं," तिने कागद माझ्याकडे दिला. यादीत तराजू लिहायचा राहिला होता. मी भीत भीत सांगितलं. तिने तो लिहायला लावला.

कॉलेजात मी नागरिकांचे हक्क पाठ केलेत, पण साहेबापुढे माझा आवाज फुटत नाही.

"लिहून घेतलं की माणूस जपून हात लावतो," ती म्हणाली.

खरंच, त्याने टोपली दोन्ही हातांनी उचलली, कोथिंबीर चुरगळू न देता.